थ्री-पिन सॉकेट : अर्थिंगचे छिद्र वरच का?

भिंतीवरील थ्री-पिन सॉकेटचे मोठे छिद्र वर आणि दोन लहान छिद्रे खाली, ही आपल्याकडील रूढ मांडणी होय. मोठे छिद्र अर्थिंगचे असते. समोरून पाहता खालचे उजवे फेजचे, तर डावे न्यूट्रलचे. घरगुती प्लग व सॉकेटसाठी आयएस १२९३ हे भारतीय मानक आहे. लहान उपकरणांना ६ अँपिअरचे, तर गीझरसारख्या मोठ्या उपकरणांना १६ अँपिअरचे सॉकेट लागते.

अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब व जाड असते. त्यामुळे प्लग बसवताना ती प्रथम जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. झडपांच्या सॉकेटमध्ये फेज व न्यूट्रलच्या झडपाही हीच पिन उघडते. अर्धवट निघालेल्या प्लगवर वरून धातूची वस्तू पडल्यास ती आधी अर्थिंगच्या पिनेला लागण्याची शक्यता अधिक, हा या मांडणीचा आणखी एक लाभ.

सॉकेट उलटे बसवले तरी उपकरण चालते. म्हणूनच ही चूक सहसा लक्षात येत नाही. मात्र डावी-उजवी बाजूही त्याबरोबर उलटते. अशा वेळी ‘उजवीकडे फेज’ या सवयीने जोडणी झाली, तर फेज व न्यूट्रलची अदलाबदल होते. मग उपकरणावरील बटण बंद करूनही आतील भागांत २३० व्होल्टचा दाब कायम राहू शकतो.

तथापि, छिद्र वर आहे एवढ्याने सुरक्षितता सिद्ध होत नाही. अनेक जुन्या घरांत त्या छिद्रामागे हिरवी तार जोडलेलीच नसते. काही ठिकाणी अर्थिंग व न्यूट्रल सॉकेटमध्येच एकमेकांस जोडलेले आढळतात. हा प्रकार घातक आहे. कारण न्यूट्रलची तार मागे कोठे तुटली, तर उपकरणाच्या धातूच्या आवरणातच वीज उतरते. गोव्यातील जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगचा खड्डाही कुचकामी ठरू शकतो.

यास्तव परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. सॉकेट उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करणे अत्यावश्यक आहे.