मर्फा आणि चाऊस

हिंगोली, परभणी, नांदेड या बाजूस चाऊस हें आडनांव कोणास नवें नाहीं. ज्यांचें तें आडनांव, त्यांची घरांतली बोली दखनी, बाजारांतली मराठी, आणि पूर्वजांचा देश मात्र समुद्रापलीकडचा : येमेनच्या पूर्व भागांतील हद्रमौत. 'चावुश' हा मूळ तुर्की शब्द. हवालदारासारख्या लष्करी हुद्देदाराचा तो वाचक. फौज गेली, हुद्दा गेला, शब्द तेवढा कुळाला चिकटून राहिला. त्याच कुळांनीं जपलेली दुसरी वस्तु म्हणजे मर्फा हें वाद्य आणि त्याच्या ठोक्यावरचा नाच.

हद्रमौत हा कोरडा, दऱ्याखोऱ्यांचा मुलूख. तेथील तरुण पोटासाठीं जावा बेटांत गेले, पूर्व आफ्रिकेंत गेले, आणि दक्षिण हिंदुस्थानांत आले ते बहुधा शिपाईगिरीसाठीं. मराठे सरदारांना गढ्या व किल्ले राखण्यासाठीं अरब शिबंदी फार पसंत असे. पगार थकला तर धन्यालाच अडवून धरण्यास हे लोक कचरत नसत. पण वेढा पडला म्हणजे तटावरून हलतही नसत. १८०२ सालीं बडोद्यास गायकवाडांच्या अरबांनीं थकबाकी मिळेपर्यंत शहर सोडलें नाहीं. डिसेंबर १८१७ मध्यें आप्पासाहेब भोसले स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी त्यांच्या अरबांनीं नागपूर शहर लढविलें, आणि बायकामुलांसह सुखरूप जाऊं देण्याच्या कराराखेरीज तें खालीं केलें नाहीं. पुढल्याच वर्षीं मालेगांवच्या किल्ल्यांतही अरबच होते.

हिंगोलीच्या मुलुखांत या शूरपणाचा शेवट अधिक दारुण झाला. हटकरांचा पुढारी नौसाजी नाईक यानें निजामाविरुद्ध बंड उभारून नोवा येथील गढीचा आश्रय घेतला, तेव्हां त्याच्या शिबंदींत अरबांचा भरणा होता. जानेवारी १८१९ मध्यें इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या कवायती फौजेनें गढी घेतली. नौसाजी कैद झाला. शिबंदीपैकीं बहुतेक मारले गेले. पुढें हिंगोलीस त्याच फौजेची, म्हणजे हैदराबाद कंटिंजंटची, छावणी होती. एका बाजूस कवायती पलटण आणि दुसऱ्या बाजूस बेकवायती अरब, असें हें दुहेरी लष्कर निजामी राज्यांत दीर्घकाळ नांदलें.

मराठी राज्यें बुडाल्यावर अरबांचा ओघ हैदराबादेकडे वळला. तेथें त्यांचे जमादार इतके संपन्न झाले कीं ते सरदारांना व सावकारांना कर्ज देऊं लागले. त्यांपैकीं उमर बिन अवद या जमादाराच्या घराण्यानें हैदराबादेंत मिळविलेल्या पैशावर मायदेशीं कुऐती सल्तनत स्थापिली. १८८१ सालीं मुकल्ला बंदर तिच्या हातीं आलें, आणि ती सल्तनत १९६७ पर्यंत टिकली. चाकरीला आलेल्या शिपायानें धन्याच्या पगारांतून घरीं राज्य उभारावें, अशीं उदाहरणें इतिहासांत थोडीं.

पैसा तिकडे गेला, नाद इकडे आला. येमेनच्या उत्तरेकडील डोंगराळ भागांत 'बरअ' नांवाचा नाच आहे. पुरुष हातीं जंबिया, म्हणजे वांकडा खंजीर, घेऊन अर्धवर्तुळांत उभे राहतात. लय प्रथम संथ असते, मग चढत जाते, पावलें अवघड होतात आणि एकेक गडी गळत शेवटीं दोन-चार पटाईत तेवढे उरतात. साथीला दोन नगारे : धाकटा 'तासा', थोरला 'मर्फा'. हद्रमौतचे नाच याहून वेगळे, त्यांत लाठीचें प्राधान्य. पण वाद्यांची जात तीच. वाडग्यासारखें भांडें, त्यावर ताणलेलें कातडें, आणि नरम पडल्यास विस्तवाची शेक. आपल्या हलगीवाल्यास हें सांगण्याची गरज नाहीं. ढोल-ताशांतील ताशाही याच 'तासा'चा, म्हणजे वाटीचा, भाऊबंद होय. फक्त तो इतका जुना पाहुणा आहे कीं त्यास आतां कोणी पाहुणा म्हणत नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. येमेनमध्यें नाचणारा टोळीवाला मानकरी, आणि नगारा वाजविणारा 'मुझय्यिन' हा न्हाव्याचेंही काम करणारा, हलका मानलेला. दख्खनांत मर्फ्याचे नामांकित वादक सिद्दी, निजामाच्या आफ्रिकन स्वारांचे वंशज. महाराष्ट्रांत हलगी मातंगांच्या गळ्यांत. तीन ठिकाणीं तीन जाती, पण ज्याच्या ठोक्यावाचून लग्न लागत नाहीं त्यालाच मांडवाबाहेर उभें करण्याची रीत एकच. मर्फ्याचें कौतुक करतांना हा हिशेब मागें ठेवूं नये.

सप्टेंबर १९४८ मध्यें, १३ ते १७ या पांच दिवसांत, निजामी राज्य संपलें. त्यापूर्वीं रझाकारांच्या दंग्यांत कांहीं अरबही सामील होते, आणि मराठवाड्यांतील गांवें तें विसरलीं नाहींत. नंतर अरब पकडले गेले, छावण्यांत ठेवले गेले, आणि पुष्कळांची रवानगी एडनच्या मार्गें हद्रमौतला झाली. त्यांत दख्खनांतच जन्मलेले, अरबीचा एक शब्दही न येणारेही होते. कोणता माणूस येथला आणि कोणता तेथला, हें ठरविण्यास सरकारपाशीं कागद होते. पण चार पिढ्यांच्या संसाराची नोंद त्या कागदांत कशी मिळावी?

जे राहिले त्यांनीं जमादारी सोडून शेती, दुकानदारी, मोटारीचा धंदा धरला. मर्फा मात्र राहिला. चाऊसांच्या वरातींत आजही तो डफ, ढोल, धातूची घागर व लांकडी थापी यांच्या संगतीनें वाजतो. वडीलधारे प्रथम कडेला उभे असतात, मग लय चढूं लागली कीं लाठी उचलून आंत शिरतात. त्याच ठोक्यावरून निघालेला 'तीन मार' हैदराबादेंत सर्व धर्मांच्या मिरवणुकींपुढें वाजतो, आणि त्याच्या तालावर नाचणाऱ्या पोरांना हद्रमौत कोणत्या दिशेस आहे हें ठाऊक नसतें.