सीना-भीमेच्या दुआबातील वानर

काळ्या तोंडाचे, राखी अंगाचे आणि धडापेक्षाही लांब शेपटीचे वानर सह्याद्रीच्या किंवा विदर्भाच्या रानांत आढळावे, यात नवल नाही. परंतु पूर्वेकडे सीना आणि पश्चिमेकडे भीमा यांच्यामध्ये पसरलेल्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यासारख्या उघड्या मुलखात त्याने कसा तग धरला असेल हे समजून घ्यायचे, तर जंगलाचा नव्हे, गावांनी, देवळांनी आणि रस्त्यांनी सांभाळलेल्या झाडांचा इतिहास पाहावा लागतो. हा तालुका पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने पावसाचे ढग अडवल्यामुळे कोरड्या राहणाऱ्या पट्ट्यात येतो, आणि त्याची मूळ प्रकृती गवताळ माळाची आहे. म्हणूनच १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्यात करमाळ्याचाही भाग घेतला गेला. माळढोक आणि काळवीट यांना जो मोकळा माळ मानवतो, तो वानराच्या उपयोगाचा नाही. वानराला उंच झाड लागते, आणि या मुलखात उंच झाड बहुधा माणसाच्या आसऱ्याने वाढलेले असते.

या प्राण्याला शास्त्रीय नाव देण्याचे काम द्युफ्रेन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७९७ साली केले. पुढे मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकी पाहणी करणारे कर्नल साईक्स यांनी येथील सस्तन प्राण्यांची यादी १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली आणि तीत वानराचा समावेश केला. तेव्हापासून वानराच्या किती जाती मानाव्यात यावर मतभेद चालू आहेत. एकेकाळी एकच समजली जाणारी ही जात आता अनेक जातींत विभागली जाते. भारतीय प्राणिशास्त्रज्ञ रूनवाल यांनी शेपटीच्या ठेवणीवरून केलेला भेद मात्र सामान्य निरीक्षकालाही पडताळता येतो. तापी-गोदावरीच्या उत्तरेकडील वानर चालताना शेपटी कमानीसारखी पुढे, डोक्याकडे वळवतात, तर दक्षिणेकडील वानर ती मागच्या बाजूला वळवतात. करमाळा गोदावरीच्या दक्षिणेस असल्यामुळे या रेषेनुसार तो दुसऱ्या पट्ट्यात येतो.

लाल तोंडाच्या माकडाशी तुलना केली, की वानराचे वेगळेपण ठळक होते. माकड गालातल्या पिशव्यांत अन्न कोंबून पळ काढते. वानराला अशा पिशव्या नसतात, कारण त्याची सारी भिस्त पोटावर असते. त्याच्या जठराचे अनेक कप्पे असून त्यांत राहणारे सूक्ष्मजीव पाल्यातील सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीच्या पेशीभित्तीतला चिवट तंतुमय भाग, आंबवून पचनयोग्य करतात आणि पानांतील काही विषारी द्रव्येही निष्प्रभ करतात. फळे, फुले, शेंगा आणि कोवळे कोंब तो आवडीने खातो, परंतु ते सरले तरी जून पाल्यावर त्याचा निर्वाह होतो, आणि त्या पाल्यातूनच पुष्कळसे पाणी मिळत असल्याने पाणवठ्यापासून दूर राहूनही तो दिवस काढू शकतो. वड, पिंपळ, उंबर, चिंच आणि कडुलिंब एवढी झाडे जिथे आहेत, तिथे कोरड्या वर्षातही त्याला काहीतरी मिळते. करमाळ्यासारख्या अवर्षणप्रवण भागात या गुणाचे मोल फार मोठे ठरते. १८७६ ते १८७८ च्या ज्या दुष्काळाने सोलापूर जिल्ह्याची दैना केली, त्यासारख्या काळात पिकांवर अवलंबून असणाऱ्या जिवांपेक्षा झाडावर अवलंबून असणाऱ्या जिवाला थोडी अधिक संधी असणे स्वाभाविक आहे.

टोळीचे जीवन माद्यांभोवती गुंफलेले असते. नात्यातल्या माद्या जन्मभर एकत्र राहतात, तर नर वयात येऊ लागले की टोळी सोडतात आणि नरांच्याच वेगळ्या घोळक्यात हिंडतात. पुष्कळदा एका टोळीत एकच प्रौढ नर असतो. त्याच्या दूरवर घुमणाऱ्या हुंकारामुळे खेड्यापाड्यांत त्याला हुप्प्या म्हणतात. सुमारे दोनशे दिवसांच्या गर्भधारणेनंतर जन्मलेले पिल्लू गडद रंगाचे असते आणि पहिल्या दिवसापासूनच टोळीतल्या इतर माद्या ते हाताळतात, घेऊन फिरतात. याच प्राण्याची कठोर बाजू १९६० च्या दशकाच्या आरंभी धारवाडजवळ सुगियामा या जपानी संशोधकाने नोंदवली: बाहेरचा नर जुन्या नराला हुसकावून टोळी ताब्यात घेतो, तेव्हा तो दूधपित्या पिल्लांना मारतो. हा गर्दीमुळे उद्भवलेला विकार असावा, असे अनेकांनी मानले. अबूच्या वानरांचा अभ्यास करणाऱ्या सारा हर्डी यांनी मात्र १९७७ च्या ग्रंथात हे नराच्या वंशवृद्धीला साहाय्यक असे वर्तन असल्याचे प्रतिपादन केले, कारण पिल्लू गेल्यावर मादी लवकर पुन्हा माजावर येते. पुढच्या संशोधनाने हर्डी यांच्या बाजूला अधिक बळ दिले आहे.

अशा प्राण्याला गावाने आपल्या झाडांवर राहू दिले, यामागे मारुतीची भक्ती उघड आहे. लंका जाळताना मारुतीचे तोंड आणि हात पोळले आणि म्हणून वानराचे तोंड काळे, ही समजूत घरोघरी सांगितली जाते. हैदराबादच्या निजामाचे सरदार रावरंभा निंबाळकर यांच्या घराण्याने अठराव्या शतकात उभारलेले कमलाभवानीचे मंदिर करमाळ्याची ओळख बनले, तरी गावोगावच्या वेशीवर मारुती आणि त्याच्याजवळ पाराचे झाड हेच चित्र होते. देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही हा संकेत वानराला कोणत्याही कायद्याच्या आधीपासून निवारा देत आला. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावाने तर यापुढचे पाऊल टाकले. तिथल्या दप्तरात ३२ एकर जमीन गावातल्या वानरांच्या नावे नोंदलेली असल्याचे २०२२ साली महाराष्ट्राला कळले, आणि लग्नकार्यात आधी वानरांना मान देऊन मग विधी सुरू करण्याची प्रथा गावात पूर्वी होती, असे ग्रामस्थांनी सांगितले. कागदावर उतरलेला असा हक्क विरळा आहे. जो समाज मुक्या प्राण्याला खातेदार मानतो, त्याच्या उदारपणाची नोंद इतिहासाने आदराने घ्यायला हवी.

ही जुनी घडी भीमेवरच्या उजनी धरणाने बदलली. १९८० च्या सुमारास धरण पूर्ण झाल्यावर जलाशयाकाठी ऊस पसरला आणि पुढे कंदरसारख्या गावांची केळी परदेशी जाऊ लागली. रस्ते रुंद करताना वड-कडुलिंबाच्या जुन्या रांगा तुटल्या आणि त्याच वेळी शेतात बारमाही हिरवा, गोड आहार उभा राहिला. अशा स्थितीत पाल्यावर भागवणारा प्राणी पिकाकडे वळला तर दोष त्याच्या स्वभावाला देता येत नाही, तसेच रात्रंदिवस राखण करणाऱ्या शेतकऱ्याच्या रागालाही अवास्तव म्हणता येत नाही. वानराचा नैसर्गिक शत्रू बिबट्या हाही उसाच्या आडोशाने या भागात आला, आणि डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात माणसांचे बळी घेणाऱ्या एका बिबट्याला गोळी घालावी लागली. त्यानंतर एका वर्षाने बीड जिल्ह्यातील लवूळ गावी कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेणारी दोन वानरे वन खात्याने पकडून दूर सोडली. उपळ्याच्या वानरांची संख्या मात्र घटत चालल्याचे ग्रामस्थ सांगतात, आणि त्यांच्या नावच्या जमिनीवर वन खात्याने झाडे लावली आहेत.