अनोळखी विषाणूची ओळख : टोमॅटोची गोष्ट

‘नवा विषाणू सापडला, हे ठरवतात कसे?’ हा प्रश्न आमच्या बोम्मसंद्र्याच्या वर्गात दरवर्षी येतो. त्याचे उत्तर टोमॅटोच्या इतिहासात शोधू. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येने टोमॅटो हे मृदुफळ, म्हणजे बेरीच आहे.

भारतात टोमॅटोवरील बोकड्या रोगाची नोंद वासुदेव आणि सॅम राज यांनी 1948 मध्ये केली. पाने आकसतात, वळतात, झाड खुजे राहते. रोग पांढरी माशी पसरवते. तेव्हा ओळख लक्षणांवरून होत असे. 1990च्या दशकात जनुकक्रम वाचता आला, तेव्हा दिल्लीच्या विषाणूत डीएनएची दोन वर्तुळे निघाली आणि बंगळुरूच्या विषाणूत एकच. एका रोगाच्या नावाआड दोन वेगळे विषाणू होते!

आता याच्या उलट घडलेले पाहा. 2020च्या उन्हाळ्यात अहमदनगर आणि पुणे परिसरात टोमॅटो एकसारखे पिकेनात. फळांवर पिवळे पट्टे दिसू लागले. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटले. कोरोनाचे दिवस होते. हा माणसाला घातक असा नवा विषाणू आहे, अशी अफवा उठली आणि शेतकरी हवालदिल झाला. नमुने बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेत तपासले गेले. त्यांत मुख्यतः काकडी मोझॅक विषाणू आढळला. त्याचे वर्णन अमेरिकेत 1916 मध्येच झाले होते! तो मावा किडीमुळे पसरतो. माणसाला त्याची बाधा होत नाही.

इथे एक भेद लक्षात ठेवा. एलायझा आणि पीसीआर या चाचण्या आपण ज्याचा शोध घेतो तेवढेच दाखवतात. खरोखर अज्ञात विषाणूसाठी झाडातील सगळा आरएनए वाचून त्याची तुलना ज्ञात विषाणूंशी करावी लागते. ही पद्धत वनस्पतींसाठी 2009च्या सुमारास रुळू लागली. पण जनुकक्रम सापडला म्हणजे रोगाचे कारण सापडले, असे नाही. निरोगी झाडाला तो विषाणू देऊन तीच लक्षणे उमटतात का, हे पाहावेच लागते.

म्हणून ‘अज्ञात’ आणि ‘अजून न तपासलेला’ हे शब्द एकच समजू नका. 2020 मध्ये या दोन शब्दांच्या गल्लतीची झळ टोमॅटो पिकवणाऱ्याला बसली.

विचार करा : त्या वेळी पहिली बातमी तुम्हाला लिहायची असती, तर कोणते वाक्य लिहिले असते?