सालगड्याचे पंचांग

वसंत ऋतूत व्याख्याने ऐकावयास सवड काढून येण्याची आपली प्रथा जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि मग ती रीत गावोगाव गेली. ह्याच सुमारास, चैत्राच्या तोंडावर, मराठवाड्यातील खेड्यांत मालकाच्या ओसरीवर दुसरीच एक बैठक भरत असे; काही ठिकाणी ती अजून भरते. तिच्यात सालगड्याचे साल ठरते. मला ऋतूंच्या लोकपरंपरांवर बोलावयास सांगितले आहे. मी सातवीपुढे शाळेत गेलो नाही; पुढचे जे काही वाचले ते कामगारांच्या सभांतून आणि एस.टी.च्या प्रवासात. तेव्हा सणांचे रसाळ वर्णन दुसरे कोणी करील. मी सणांकडे मजुराच्या बाजूने पाहिले आहे, आणि मला दिसले ते हे, की खेड्यातले बारा महिने हा एक न लिहिलेला करारनामा होता. कामावर कधी लागायचे, कधी सुटायचे, धान्य कोणत्या दिवशी पदरात पडायचे, हे सारे सणावारांनीच ठरविलेले असे.

पाडव्यालाच साल का सुरू होते? त्या वेळी रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आलेली असते, रान मोकळे असते आणि मालकाजवळ द्यावयास दाणे असतात. खानदेशात हाच मुहूर्त आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. शुभ दिवस म्हणून हिशेब नव्हे, हिशेबाची सोय म्हणून तो दिवस सालगड्याला शुभ. बलुतेदारांचेही तसेच. सुतार, लोहार, चांभार, महार यांनी वर्षभर राबावे आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा मागावा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ ह्या १९१५ सालच्या पुस्तकात ह्या व्यवस्थेची बारकाईने नोंद आहे. पण त्या करारात एका बाजूला मागण्याचा हक्क होता की नुसती लाचारी, ह्याचा निवाडा कागदावर कधीच नव्हता. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले, आणि कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. ज्यांना जुन्या गावगाड्याची फार ओढ वाटते, त्यांनी हे तीस वर्षांचे अंतर लक्षात ठेवावे.

माझे वडील मांजरा नदीच्या काठच्या एका गावी सालगडी होते. ठरायचे ते असे: इतकी पोती ज्वारी, थोडी रोकड, एक घोंगडी, वहाणांचे दोन जोड. आईने गोठ्यातले शेण काढायचे, वाडा झाडायचा. ते मोलात धरलेले नसे, पण न करून चालत नसे. मधल्या आजारपणाचे दिवस ‘खाडा’ म्हणून पाडव्याला वजा होत. उचल घेतलेली असली की साल फिटत नाही, पुढच्या सालात जाते. वेठबिगारी नष्ट करण्याचा कायदा १९७६ साली झाला. आमच्या ओसरीपर्यंत त्याची बातमी बऱ्याच उशिरा आली.

पाडव्यानंतर डोळे लागतात ते मृगाकडे. सूर्य मृग नक्षत्रात ७-८ जूनच्या सुमारास येतो आणि पुढे दर तेरा-चौदा दिवसांनी नक्षत्र बदलते. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. हस्ताच्या पावसात भिंती ढासळतात अशी समजूत. बहावा फुलला, पावशा ओरडू लागला, टिटवीने उंचावर अंडी घातली की जाणती माणसे पाऊसपाण्याचा अंदाज बांधीत. पंचांगातील बेडूक-म्हैस-कोल्हा ह्या वाहनांवर माझा विश्वास नाही. शिवाय ही गणना निरयन असल्यामुळे मृगाचा दिवस सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. डॉ. मेघनाद साहांच्या समितीने १९५५ साली हा फरक स्पष्ट मांडला, पण शेतकऱ्याने मृग सोडला नाही. सोडावा तरी का? नक्षत्र म्हणजे त्याला कामाचे पंधरवडे मोजावयाची खूणगाठ होती. ‘आर्द्रात पेरले’ म्हटले की कोणत्या रानात काय उभे असणार, हे साऱ्या शिवाराला न सांगता कळे.

मग श्रावणाच्या अमावस्येला पोळा. आदल्या दिवशी खांदेमळण: जुवाने सोललेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचे, बैलांना उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना रंग, नवी वेसण, झूल, बाशिंग, आणि पुरणपोळीचा घास. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हा नियम मालकालाही मोडता येत नसे. तोरणाखालून पहिला मान पाटलाच्या बैलांचा. त्यावरून डोकी फुटल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. मी लहानपणी ह्या सणाला वडिलांबरोबर पहाटे नदीवर जात असे. ते बैलांना घासताना त्यांच्याशी बोलत, आणि त्या दिवशी ते जितके हसत तितके वर्षात पुन्हा हसत नसत. बैल मालकाचे होते, पण जीव वडिलांचा होता. पुढे कामगार कायदे वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की पोळा म्हणजे बैलाची रजा. सालगड्याला तोच वर्षातला सर्वांत कष्टाचा दिवस. पहाटे नदीवर, रात्री वैरणीला. मालक नवे धोतर देई आणि पंक्तीला वाढी. हे खोटे प्रेम होते असे मी म्हणणार नाही. पण जू न ठेवण्याचा नियम माणसाच्या मानेसाठी कोणी केला नव्हता.

तो मुंबईत झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन केले, आठवड्याची सुट्टी मागितली. १० जून १८९० पासून रविवार मिळाला. हे कामगार बहुतेक खेड्यांतूनच आलेले. शिमग्याला आणि गणपतीला कोकणात जावयाचा हट्ट त्यांनी कधी सोडला नाही. मालक त्याला गैरहजेरी म्हणत. मी म्हणतो, जुन्या करारातले तेवढे एक कलम त्यांनी पाठीवर बांधून आणले होते.

आमच्या भागात मात्र कारखाना माणसाला कायमचा घेत नाही, हंगामापुरता घेतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला, मागून पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहिले, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर बीडकडची माणसे वाढत्या संख्येने ऊसतोडीला जाऊ लागली. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे हे शास्त्र. आमच्याकडे ते अक्षरशः होते. आपट्याची पाने वाटून झाली की गाव रिकामे होऊ लागते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल, आणि परतणे थेट पाडव्याच्या आसपास. साल तेच, मुहूर्त तेच, फक्त ओसरी बदलली. शब्दही तोच राहिला: खाडा. बाई आजारी पडली तरी खाडा, सण केला तरी खाडा, आणि मुकादम तो उचलीच्या हिशेबात धरतो.

ह्यात सर्वांत बुडाली ती येळवस. मार्गशीर्ष अमावस्येचा हा सण लातूर-धाराशिवकडचा आणि आमच्या बाजूचा. ज्वारी कंबरेइतकी झालेली असते. सारे घर रानात चालत जाते. कडब्याची कोप उभारून तिच्यात चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. अंबिल, भज्जी, उंडे, खीर. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालतात. हा दिवस येतो डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे नेमका गळिताच्या ऐन भरात.

काही वर्षांपूर्वी येळवशीच्या रात्री मी सांगली जिल्ह्यातल्या एका फडावर सभासदांच्या पावत्या फाडावयास गेलो होतो. उसाच्या वाळक्या पाचटाच्या त्या पालांनाही कोपीच म्हणतात. दिवसाची तोड संपवून माणसे अंधारात आली. एका बाईने हात धुतले, कोपीच्या तोंडाशी पाच खडे ओळीने लावले, आणि चुना नव्हता म्हणून त्यांवर राखेचे बोट ओढले. अंबिल तिने आदल्या रात्रीच लावून ठेवली होती. मी पावतीपुस्तक पिशवीत टाकले. ती म्हणाली, “बसा भाऊ, खाडा नाही केला आज, पण येळवस केली.” मग तिने मला पत्रावळीऐवजी जर्मनच्या ताटलीत वाढले, आणि सकाळी चारला तोडीला जायचे म्हणून बाकीचे आधीच जेवायला बसले.