खलपुरुषांचे वात्सल्य : नागपूरकर भोसल्यांच्या तीन पिढ्या आणि वैनगंगा प्रांत

मराठी वाचकाच्या मनातील ऐतिहासिक खलपुरुषांची चित्रे बखरींपेक्षा रंगभूमीनेच अधिक रंगविली आहेत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला नारायणराव पेशव्याचा खून आणि त्याभोवतीची पात्रे खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'मुळे (१९०९) घरोघरी परिचित झाली. परंतु रंगभूमीवरील खलपुरुषाला बहुधा घर नसते; असले तरी ते कारस्थान शिजविण्यापुरते असते. इतिहासातील साधने पाहू लागावे तो निराळाच प्रकार आढळतो. ज्यांच्या हातून घोर अन्याय घडला त्यांना आईबाप, भावंडे, मुले होती आणि त्यांपैकी काहींवर तरी त्यांची खरी माया होती. बापाला कैदेत ठेवून आणि भावांना संपवून राज्य घेणाऱ्या औरंगजेबाच्या नावावर १७०७ मधील अखेरच्या दिवसांची, आझम आणि कामबक्ष या पुत्रांस लिहिलेली जी पत्रे प्रसिद्ध आहेत, त्यांतील कळवळा खोटा म्हणण्यास काही आधार नाही.

अशा ठिकाणी अभ्यासकासमोर दोन सोप्या वाटा असतात. ही माया केवळ सोंग होते असे म्हणावे, किंवा तिच्याकडे बोट दाखवून अपराधाचे माप थोडे हलके करावे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचा १७७२ ते १८१८ हा काळ बारकाईने पाहिला तर दोन्ही वाटा चुकीच्या ठरतात. तेथे माया खरी होती. आणि अपराधाचा मोठा भाग त्या मायेपासूनच निपजला.

या प्रश्नाकडे नागपूरच्या वाड्यातून पाहण्याची आपल्या इतिहासलेखनाची सवय आहे. तो एखाद्या गावातून पाहणे अधिक उपयुक्त होईल. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातील भाताचे गाव आहे. भोसल्यांच्या राज्यात हा सारा मुलूख वैनगंगेच्या प्रांतात मोडत असे, आणि पुढे रेसिडेंट जेंकिन्सने राज्याची जी पाच विभागांत वाटणी केली तीतही वैनगंगा हा एक स्वतंत्र विभाग राहिला. तळ्यांच्या पाण्यावर व धानाच्या बांधीवर जगणाऱ्या या खोऱ्याला नागपूरच्या वाड्यातील रुसव्याफुगव्यांचे कारण नव्हते. त्यांचा खर्च मात्र त्याच्याच वाट्याला येई.

पहिल्या रघूजीचा मृत्यू १७५५ मध्ये झाला. त्याच्या चार मुलांपैकी जानोजीकडे सेनासाहेब सुभा हे पद आले, मुधोजीला चांदा, बिंबाजीला छत्तीसगड व साबाजीला वऱ्हाडातील दारव्हा मिळाला. जानोजीला पुत्र नव्हता. त्याने मुधोजीचा मुलगा रघूजी यास दत्तक घेतले आणि १७७२ मध्ये तो मरण पावला. गादीचा वारस अल्पवयीन, आणि त्याचा जन्मदाता बाप हयात. या अवस्थेत मुधोजी व साबाजी यांच्यात कारभारासाठी युद्ध जुंपले. जानोजीची विधवा दर्याबाई आरंभी साबाजीच्या बाजूस होती. पुणे दरबारातील पक्षबदलाबरोबर नागपूरचा मान कधी या भावाकडे तर कधी त्या भावाकडे जात राहिला.

२६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगाव येथे अखेरची गाठ पडली. मुधोजीची बाजू ढासळली होती व तो वेढला गेला होता. भावाला जिवंत पकडावे म्हणून साबाजीने आपला हत्ती त्याच्या हत्तीवर घातला. मुधोजीने पिस्तूल झाडले आणि साबाजी जागच्या जागी ठार झाला. त्या एका गोळीने युद्ध संपले. या प्रसंगात मुधोजीची स्वतःची सत्तालालसा नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही पुढील तेरा वर्षे, म्हणजे १७८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्याने कारभार केला तो मुलाच्या नावाने केला. मुलाला दूर सारून स्वतः सेनासाहेब सुभा होण्याचा घाट त्याने घातला नाही. भाऊ मारणे आणि मुलाला गादीवर बसविणे ही त्याच्या बाबतीत दोन कृत्ये नव्हती. एकाच कृत्याच्या त्या दोन बाजू होत्या, आणि त्यांपैकी एक बाजू घेऊन दुसरी टाकणे कोणासही शक्य नाही.

ज्याच्यासाठी चुलत्याचे रक्त सांडले तो दुसरा रघूजी १७८८ ते १८१६ अशी अठ्ठावीस वर्षे राज्य करीत होता. १८०३ पर्यंतची त्याची कारकीर्द सामान्य रयतेला फारशी जाचक नव्हती. इंग्रज लेखकांनीही भोसल्यांविषयी असे नमूद केले आहे की, हे घराणे शेतकऱ्यांतून वर आलेले असल्याने शेतकऱ्यास सांभाळून असे. १८०३ मध्ये सारे पालटले. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, आणि लगेच १७ डिसेंबरला देवगावचा तह. कटक प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड गेले; राज्याचा सुमारे एक तृतीयांश भाग हातचा गेला.

गेलेले उत्पन्न राहिलेल्या मुलखातून काढावयाचे असे रघूजीने ठरविले. गावांवरील सारा असह्य होईल इतका चढविण्यात आला, नव्या पट्ट्या बसल्या. फौजेचा पगार थकवावयाचा आणि त्याच शिपायांना सरकारी पेढीतून व्याजाने पैसे द्यावयाचे, बाजारात स्वतःची दुकाने मांडावयाची, असे उद्योग राजाने चालविले. लोकांनी त्याला 'बडा बनिया' हे नाव ठेविले. पगार न मिळालेले शिपाई शेतकऱ्याला लुटून पोट भरू लागले. याच सुमारास पेंढाऱ्यांचे हल्ले सुरू झाले; १८११ मध्ये त्यांनी थेट नागपूरपर्यंत येऊन तेथील उपनगरे जाळली. नागपूर राज्यातील खेड्यापाड्यांत ज्या गढ्या व मातीचे कोट आढळत, त्यांतील बहुतेक या काळातील होत. धूळ उडताना दिसली की माणसे व गुरे आत घ्यावयाची आणि बाहेरचे सर्व गेले असे समजून जिवासाठी लढावयाचे. राजधानीच सुरक्षित नव्हती, तेथे वैनगंगेकाठच्या गावांचे रक्षण राजाने करावे ही अपेक्षाच उरली नव्हती. रयतेच्या दृष्टीने या कथेतील खलपुरुष कोण, याचे उत्तर पाचगावच्या रणांगणावर नव्हे तर या तेरा वर्षांच्या वसुलीत शोधावे लागते.

आणि याच माणसाचा मुलाविषयीचा जिव्हाळा निःसंशय आहे. परसोजी ऊर्फ बाळासाहेब हा दृष्टीने अधू, अर्धांगाने पंगू आणि बुद्धीने दुबळा होता. राज्य चालविण्यास तो सर्वथा असमर्थ आहे हे दरबारात कोणापासून लपलेले नव्हते, बापापासूनही नव्हते. व्यवहारी हिशेबाने पाहता अशा मुलाला गादीवर बसविणे म्हणजे राज्य धोक्यात घालणे होय, आणि रघूजीइतका व्यवहारी हिशेब त्या काळी थोड्यांनाच येत असे. तरीही त्याने मुलाला वारसा नाकारला नाही. रयतेशी वागताना दमडीदमडीचा हिशेब ठेवणारा हा पुरुष मुलाच्या बाबतीत हिशेब विसरला.

मृत्यूपूर्वी त्याने काय केले, हे इंग्रज इतिहासकारांनी नोंदविले आहे. रघूजीचा धाकटा भाऊ व्यंकोजी १८११ मध्ये काशी येथे वारला होता. त्याचा मुलगा मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब हाच घराण्यातील एकमेव कर्ता पुरुष उरला होता. चुलत्यापुतण्यांत फारशी गोडी नव्हती. असे असताही रघूजीने परसोजीचा हात आप्पासाहेबाच्या हातात दिला आणि घराण्याची अब्रू त्याच्या स्वाधीन केली. ज्याच्या बापाने सख्ख्या भावाला मारून त्याला राज्य दिले, त्याने रक्ताच्या नात्यावर विसंबावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. कदाचित त्याला दुसरा इलाजच नव्हता. कदाचित पाचगावचा धडा त्याने आपल्यापुरता असा घेतला असेल की, नात्यातला माणूस आपला झाला तर तो काहीही करतो.

२२ मार्च १८१६ रोजी रघूजी मरण पावला. खजिना आणि परसोजी हे दोन्ही प्रथम रघूजीचा दासीपुत्र धर्माजी याच्या ताब्यात होते. राणी बाकाबाईचा त्याला पाठिंबा होता. आप्पासाहेबाने धर्माजीला कैद केले व पुढे तो मारला गेला. घरातील शत्रूंपासून आपले आसन सुरक्षित राहावे म्हणून आप्पासाहेबाने मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि वर्षाला साडेसात लाख रुपये देण्याचे कबूल केले. १८०३ च्या पराभवानंतरही रघूजीने जी तैनाती फौज अखेरपर्यंत टाळली होती, ती वाड्यातील कलहामुळे दोन महिन्यांत नागपुरात आली. हे साडेसात लाख कोठून यावयाचे, हे सांगावयास नको.

१ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळला. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याकडे गेलेला होता. परसोजीची पत्नी काशीबाई सती गेली. ज्याचे कोणी काही ऐकत नव्हते अशा त्या दुर्बल माणसाच्या घरातील एवढीच एक गोष्ट साधनांत आली आहे, आणि तीत तिची इच्छा किती व रूढीचे बळ किती, हे साधने सांगत नाहीत.

हा मृत्यू म्हणजे खून होता व तो आप्पासाहेबाने करविला, ही माहिती उघडकीस आली ती मात्र वर्षभराने. मधल्या काळात आप्पासाहेब इंग्रजांविरुद्ध उठला होता. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीची लढाई होऊन तो हरला होता आणि १८१८ च्या आरंभी पुन्हा कैद झाला होता. त्याला पदच्युत करण्याची रेसिडेंटला ज्या वेळी गरज होती, नेमक्या त्या वेळी हा पुरावा पुढे आला, हे अभ्यासकाने दृष्टिआड करू नये. एवढ्यावरून आरोप खोटा ठरत नाही. परसोजीच्या मरणाने लाभ कोणाचा झाला हे स्पष्ट आहे, आणि खून झाला याविषयी इतिहासकारांत फारसा मतभेद नाही. परंतु आप्पासाहेबाचे खलपुरुष म्हणून जे चित्र रूढ झाले त्याचा पहिला कुंचला इंग्रजी कचेरीत उचलला गेला, हेही तितकेच खरे.

१३ मे १८१८ रोजी जबलपूरजवळच्या रायचूर येथून आप्पासाहेब पहाऱ्यातून निसटला व महादेवाच्या डोंगरांत शिरला. तेथील गोंडांनी त्याला आसरा दिला आणि त्याच्यासाठी ते लढले. नागपुरात जेंकिन्सने रघूजीच्या मुलीचा मुलगा, सुमारे दहा वर्षांचा पोर, तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविला व बाकाबाईकडे त्याचे संगोपन सोपविले. म्हणजे रघूजीचेच रक्त गादीवर आले, पण राज्याचा कारभार रेसिडेंटच्या हाती गेला. आप्पासाहेब अनेक वर्षे भटकून अखेर जोधपूरच्या आश्रयाने राहिला आणि १८४० मध्ये तेथेच वारला.

१८१८ मध्येच वैनगंगा प्रांताच्या पूर्व भागात कामठ्याचा कुणबी जमीनदार चिमणा पटेल हा नव्या व्यवस्थेविरुद्ध उठला. कामठा पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ पासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे. कॅप्टन गॉर्डनने हा उठाव मोडला, आणि कामठ्याची जमीनदारी त्या घराण्याकडून काढून एका लोधी घराण्यास देण्यात आली. वाड्यात ज्याने चुलतभावाचा जीव घेतला असे सांगितले जात होते, त्याला काढून बसविलेल्या राज्याविरुद्ध या खोऱ्यातील माणसे शस्त्र घेऊन उभी राहिली. मुलावर जीव लावणाऱ्या दुसऱ्या रघूजीच्या नावाने मात्र या भागात कोणी उठल्याची नोंद नाही.