कीचक कोण होता?



तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांच्या हे चांगले ओळखीचे असेल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' नाटक शिकवायला घेतले, की पहिल्याच तासाला फळ्यावर एक तक्ता उमटतो. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन. सैरंध्री म्हणजे भारतमाता. कंकभट म्हणजे मवाळ, बल्लव म्हणजे जहाल आणि विराट राजा म्हणजे विलायतेतले दुबळे सरकार. मुले तक्ता उतरवून घेतात, परीक्षेत तोच लिहितात आणि आपण गुण देऊन मोकळे होतो. मीही कित्येक वर्षे दिले. गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, द्रौपदी म्हणजे भारतमाता, तर मग द्रौपदी कुठं गेली?" वर्ग हसला. मीही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्या प्रश्नापायीच आजचे हे चार शब्द.

तक्ता खोटा आहे असे मी म्हणत नाही, बरं का. त्यामागे खरा इतिहास आहे, आणि तो आधी पाहिला पाहिजे. महाराष्ट्र नाटक मंडळीने हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आणले. नाटककार लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'तले, म्हणजे राजकारण त्यांच्या लेखणीच्या टोकावरच होते. आता गंमत पाहा. कर्झनसाहेब १९०५ च्या नोव्हेंबरातच व्हाइसरॉयपद सोडून गेले होते. पडदा वर गेला तेव्हा हा 'कीचक' हिंदुस्थानात नव्हताच! तरी थिएटरातल्या माणसाला तो समोर दिसत होता. कारण साहेब गेला तरी त्याने केलेली बंगालची फाळणी जागेवर होती, ती रद्द झाल्याची घोषणा व्हायला १९११ चा डिसेंबर उजाडावा लागला. शिवाय ज्या साली नाटक आले त्याच सालच्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस दुभंगली. म्हणजे रंगभूमीवर धर्म आणि भीम यांचा वाद आधी झाला आणि सुरतेच्या मांडवातला नंतर. पुढे जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. अशा दिवसांत बल्लवाच्या तोंडचे वाक्य ऐकून प्रेक्षकाच्या मुठी वळल्या, तर त्यात नवल कसले?

सरकारला हे कळायला मात्र वेळ लागला. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना गोळी घातली. जॅक्सन नाटक पाहायलाच आले होते, आणि नाटक कोणते, तर देवलांचे 'शारदा'. बालाजरठ विवाहावरचे, राजद्रोहाशी काडीचा संबंध नसलेले. त्यानंतर १९१० मध्ये मुंबई सरकारने 'कीचकवधा'वर बंदी घातली. त्याच वर्षी 'इंडियन अनरेस्ट' हे पुस्तक निघाले, लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांचे. टिळकांनी ज्यांच्यावर पुढे विलायतेत अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले, तेच हे चिरोल. त्या पुस्तकात 'कीचकवधा'ची हकीकत आहे. रंगमंचावर नाव कुणाचेच घेत नाहीत, पण कोण म्हणजे कोण हे थिएटरात सगळ्यांना ठाऊक असते, असे सांगून तिथे पात्रांची फोड केलेली आहे. आपल्या फळ्यावरचा तक्ता जवळजवळ जसाच्या तसा! साहेबाच्या हाती ते आरोपपत्र होते, आपल्या हाती त्याचे गाईड झाले.

प्रेक्षकाने कीचकात कर्झन पाहिला तो जिवावर उदार होऊन पाहिला. आज आपण पाहतो तो पाच गुणांसाठी. कर्झन कोण हे मुलांना आधी सांगावे लागते, मग कीचक समजतो म्हणायचे! हा उलटा प्रवास झाला. म्हणून माझी विनंती अशी की तक्ता पुसू नका, पण त्याच्या शेजारी मूळचे विराटपर्व उघडून ठेवा. नाटककाराने ते घरोघर ठाऊक आहे असे धरूनच लिहिले होते.

तिथे काय आहे? पांडवांचे अज्ञातवासाचे वर्ष सरत आलेले. सैरंध्री होऊन राहिलेल्या द्रौपदीला मद्य आणायचे निमित्त करून राणी सुदेष्णाच आपल्या भावाच्या, कीचकाच्या घरी पाठवते. तिथून सुटून द्रौपदी धावत राजसभेत येते, आणि कीचक मागून येऊन राजासमक्ष तिला लाथ मारतो. ती न्याय मागते. विराट काय म्हणतो ठाऊक आहे? तुम्हा दोघांचे भांडण माझ्या माघारी झालेले, खरेखोटे कळल्याशिवाय मी काय निवाडा करू! अहो, लाथ तर डोळ्यांदेखत बसली! सभासद हळहळतात, तिची स्तुती करतात, कीचकाला नावे ठेवतात. उठत मात्र कुणी नाही. आणि कंक झालेला धर्मराज तिला म्हणतो, वेळकाळ न ओळखता नटीसारखी रडतेस आणि राजाच्या द्यूतात विघ्न आणतेस.

ज्यांनी गावची चावडी पाहिली आहे त्यांना या सभेत कोण कोण बसले होते ते मी सांगायला नको. आमच्या भागात एका जत्रेत हौशी मंडळींनी हा प्रवेश केला होता. विराटाने 'माझ्या माघारी' म्हणताच शेजारचे म्हातारबाबा मोठ्याने म्हणाले, "आमच्या वाटणीच्या दिवशी बी असंच झालं हुतं!" त्यांनी कर्झनचे नाव जन्मात ऐकले नसेल.

आता धर्मराजाला भित्रा म्हणणे सोपे आहे. पण त्याचा हिशेब चुकलेला नाही. ओळख उघडी पडली तर बारा वर्षांचा वनवास पुन्हा नशिबी. पाच भावांचे आणि खुद्द द्रौपदीचे आयुष्य त्या काही दिवसांवर टांगलेले. ज्याचा हिशेब बरोबर आहे आणि तरीही ज्याच्या गप्प बसण्याने आपला जीव जळतो, असे हे पात्र आहे. 'मवाळ' या एका शब्दात ते मावत नाही. भीमाचेही तसेच. मूळ कथेत द्रौपदी रात्री मुदपाकखान्यात जाऊन त्याला झोपेतून उठवते, तेव्हा हा 'जहाल' भीमसुद्धा आधी म्हणतो की थोडे दिवस कळ काढ, तेरावे वर्ष भरत आले. ती ऐकत नाही, तेव्हा तो उठतो. खाडिलकरांनी दोघां भावांतला वाद वाढवला, मूळच्या नृत्यशाळेतला वध भैरवाच्या देवळात नेला. नाटककाराचा तो हक्कच आहे.

मला त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मुदपाकखान्यात सापडले. तक्त्यातली भारतमाता उभी राहून कुणी सोडवील याची वाट पाहते. व्यासांची द्रौपदी वाट पाहत नाही. सभेने, राजाने, नवऱ्याने, सगळ्यांनी शहाणपण सांगून झाल्यावर पाचांपैकी कुणाला उठवायचे हे ती स्वतः ठरवते आणि अंधारात एकटी चालत जाते. सबंध कथेत त्या रात्री निर्णय घेतला तो तिने. कीचकाचा मृत्यू ही त्याची नंतरची हकीकत. एखाद्याला माझे म्हणणे ओढूनताणून आणलेले वाटेल, वाटो. त्याने तेवढे अध्याय वाचून मग माझ्याशी भांडावे.

यंदा मी तक्ता फळ्यावर लिहिला, तारखा सांगितल्या, बंदीची हकीकत सांगितली. मग सभेचा प्रसंग मुलांकडून मोठ्याने वाचून घेतला. विराट व्हायला कुणी तयार होईना, शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. चाचणीत प्रश्न घातला : 'त्या सभेत बसलेल्या एका सभासदाने रात्री घरी बायकोला काय सांगितले, ते लिहा.' निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले की काही सांगितले नाही, जेवला आणि झोपला. त्या मागच्या बाकावरच्या मुलीने बायकोच्या बाजूने लिहिले होते. तिला दुपारीच सगळे कळले होते, सुदेष्णेच्या दासींकडून, पाणवठ्यावर. ताट वाढून ती नवऱ्यासमोर बसली होती आणि तो आपण होऊन कधी बोलतो ते पाहत होती.