वीज अडवणारी लाख, वीज नेणारं प्लास्टिक

ठाण्यात एकेकाळी मर्फी रेडिओचा कारखाना होता. ओठाशी बोट नेलेलं मर्फीचं बाळ जुन्या पिढीतल्या सगळ्यांना आठवतं, पण त्याच्याबरोबर ठाण्याचं नाव कुणी घेत नाही. रेडिओतली वीज तारांतून, व्हॉल्व्हमधून धावते हेही सगळे सांगतात. ती जिथं जायला नको तिथं तिला अडवतं कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा रस सोडतो. तीच लाख. तिच्या बांगड्या झाल्या, पार्सलवरची सीलं झाली, महाभारतात तर अख्खं लाक्षागृह झालं. विजेचं युग आलं तेव्हा याच लाखेचा थर तारांच्या वेटोळ्यांवर चढू लागला, कारण तिच्यातून वीज जात नाही. ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जगभर जायची. मागणी वाढत गेली, पण किडा काही भोंगा वाजला म्हणून कामाला लागत नाही! तेव्हा अमेरिकेत स्थायिक झालेल्या लिओ बेकलँड या बेल्जियन रसायनतज्ज्ञानं लाखेला पर्याय शोधायला घेतला. १९०७ साली फेनॉल आणि फॉर्मलडिहाइड यांपासून त्यानं बेकेलाइट बनवलं. आपल्या घरातले ते जुने काळे स्विच आठवा. रानात लाख गोळा करणाऱ्या आदिवासींच्या मिळकतीचं पुढं काय झालं, याचा उल्लेख या शोधाच्या गोष्टीत सहसा नसतो.

छोट्या रेणूंचे डबे लोकलसारखे एकामागे एक जोडले की पॉलिमर होतं. १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा मोठा प्रकल्प सुरू झाला आणि नाफ्त्यापासून प्लास्टिकचा कच्चा माल आपल्या दारात तयार होऊ लागला. रसायनांच्या शेजाराची दुसरी बाजू डोंबिवलीकरांना वेगळी सांगायला नको. मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट त्यांनी सोसले आहेत.

प्लास्टिक वीज अडवतं, हे तोवर शाळेतलं पोरही सांगत होतं. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअॅसिटिलीनच्या चकचकीत पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली. जखमेवर लावायच्या टिंक्चरमध्ये असतं, तेच आयोडीन. वीज वाहून नेण्याची त्या पापुद्र्याची ताकद लाखो पटींनी वाढली. २००० साली तिघांना नोबेल मिळालं. १९९० मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी तर वीज दिली की उजळणारं पॉलिमर दाखवलं.

त्याच १९९० साली पुण्यात सी-मेट ही सरकारी संस्था सुरू झाली. इलेक्ट्रॉनिक्सला लागणारे पदार्थ आपले आपण घडवावेत, हा तिचा हेतू. कल्याणहून गाडीनं गेलं तर दोन-तीन तासांची वाट. पण रेडिओ जोडणारे हात ठाण्यात होते तेव्हा ही प्रयोगशाळा नव्हती, आणि प्रयोगशाळा आली तोवर मर्फीचे दिवस सरले होते.